तुझे चौकोन, माझी काळी खिडकी

सुलू,

ईराचा प्रश्न आला तेव्हा तुला जाऊन आठ दिवस झाले होते. तिने फोनवर मराठीत लिहिलं होतं, सावकाश, जमेल तसं: "आजी, मला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकायचंय. सुरुवात कशाने करू? तू आणि सुलूआजी शिकवता, ते कुठलं सॉफ्टवेअर?"

चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला याचं उत्तर पाच मिनिटांत देता यायला हवं. मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा फोन बाजूला ठेवला. तिने "शिकवता" असं लिहिलं होतं, आणि त्या शब्दात आपण दोघी होतो. कॅनडात बसलेल्या त्या मुलीला काय ठाऊक, की याच प्रश्नावर आपण चार वर्षं भांडलो आणि एकमत होण्याआधी तू निघून गेलीस. तुला विचारल्याशिवाय उत्तर देणं मला रीतीचं वाटलं नाही. म्हणून हे तुला लिहिते आहे. वाचतील ईरा आणि तिचा भाऊ. ती दोघं मराठी हळू वाचतात, म्हणून पहिल्यापासून क्रमाने सांगते. "हिचो क्रम काय सुटणा नाय," असं तू म्हणालीच असतीस.

तर पहिल्यापासून.

आपली ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. ह्यांची बँकेतून मालवणला बदली झाली होती आणि चतुर्थीला आठ दिवस उरले होते. आमच्या बेळगावात गणपती बाजारात मांडलेले असत. आवडेल तो निवडायचा आणि घरी आणायचा. कुणीतरी सांगितलं की तारकर्लीला बाबी म्हणून एकाची गणपतीची शाळा आहे, तिथे मूर्ती छान असतात. "शाळा" या शब्दाचं मला नवल वाटलं. गेले तर माडांच्या बागेत एक लांबलचक शेड, आणि फळ्यांवर ओळीने मातीचे गणपती. मी बाबीला म्हटलं, "तो दुसऱ्या ओळीतला चौथा द्या."

बाबी नुसताच हसला. तू, त्याची बहीण, कोपऱ्यात बसून एका मूर्तीचे डोळे रेखत होतीस. ब्रश न उचलता म्हणालीस, "पाट खंय तुमचो?"

"पाट?"

"मगे? पाटाशिवाय गणपती खंय बसतलो? तुमच्या डोक्यार?"

ईरा, इथे प्रत्येक घर आपला लाकडी पाट दोन-तीन महिने आधी गणपतीच्या शाळेत पोचवतं. पाटाखाली घराचं नाव रंगवलेलं असतं. त्या घराचा गणपती त्याच पाटावर घडतो आणि त्याच पाटावरून घरी जातो. विसर्जन झालं की मूर्ती पाण्यात राहते आणि पाट परत येतो. म्हणजे त्या शेडमध्ये विकायला ठेवलेला असा एकही गणपती नव्हता. प्रत्येक जण आधीच कुणाचा तरी होता. मी चांगली एम.एस्सी. झालेली बाई दुसऱ्याच्या घरचा देव मागत उभी होते.

तू ब्रश खाली ठेवलास, घरात गेलीस आणि तुमचा जेवायला बसायचा एक पाट घेऊन आलीस. माझं आडनाव विचारलंस, पाट उलटा केलास आणि काळ्या ऑइलपेंटने ते त्याच्यावर घातलंस. माझं नाव विचारलं नाहीस. बाबीला म्हणालीस, "लहानसो एक बसव रे ह्येच्यार. बाई नवीन असत." आणि मला, "पुढच्या वर्साक वेळेर हाडून द्या."

त्याला तेहतीस वर्षं झाली. पाट दरवर्षी तुमच्याकडे आला आणि दरवर्षी घरी परत गेला. तू हायस्कुलात चित्रकला शिकवत राहिलीस आणि मी ज्युनियर कॉलेजात आधी गणित, मग संगणक. आपण मैत्रिणी कधी झालो ते मला नेमकं सांगता येणार नाही, आणि अशा गोष्टी नेमक्या सांगता आलेल्या मला आवडतात.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी तू आलीस आणि म्हणालीस, "माका कॉम्प्युटर शिकव."

मला वाटलं, मुंबईच्या भाचरांशी बोलायला तुला व्हिडिओ कॉल हवा असेल. तू मान हलवलीस. "ता नको. माझी चेडवां नापास होतत. चित्रकलेत पयली येणारी चेडवां, कॉलेजात जाऊन त्या एका विषयात पडतत. माका बघूचा आसा, काय आसा त्यात एवढां."

तुझ्या मुलींसाठी बासष्टाव्या वर्षी तू विद्यार्थिनी झालीस. आणि मी तुला, इतक्या वर्षांच्या सवयीने, काळ्या खिडकीपुढे बसवलं. साध्या एडिटरमध्ये जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, फाइल ठेवायची, मग काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून ती चालवायची. पडद्यावर फक्त "नमस्कार" उमटवायचा होता. त्यासाठी आधी पाच ओळी.

"पब्लिक म्हणजे काय गो?"

"ते नंतर कळेल."

"आणि स्टॅटिक?"

"तेही नंतर."

"आणि ह्यां व्हॉइड?"

"सुलू, आत्ता नुसतं लिही."

तू चष्मा काढलास. "मगे आज काय कळतलां? नमस्कार? तो माका येता."

मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं. मी तुला सांगितलं की सगळे असेच शिकतात. मी अशीच शिकले, माझी मुलं अशीच शिकली. तू म्हणालीस, "तुका येता म्हणान तुका दिसता. माका काय दिसणा नाय." ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. नवशिक्यांच्या तक्रारी अशाच असतात असं मला वाटत होतं.

क्लास आणि ऑब्जेक्ट समजावताना मी पुस्तकातलं उदाहरण बदलून तुझ्या सोयीचं घेतलं. म्हटलं, क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेला गणपती. एका साच्यातून कितीही गणपती निघतात. रंग वेगळा, उंदीर वेगळा, पण घडण तीच. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आणि पाट खंय?"

"पाटाचा इथे संबंध नाही."

"कसो नाय? गणपती झालो, पण तो कोणाचो तां कसां कळतलां?"

तेव्हा मी थांबले. कारण पाटाचा संबंध होता. प्रोग्रॅममध्ये आपण ऑब्जेक्टला एक नाव देतो, आणि त्या नावाच्या आधारेच तो आपल्या हाताला लागतो. नाव म्हणजे ऑब्जेक्ट नव्हे. ते नुसतं सांगतं, अमक्याचा गणपती तो तिकडे बसलाय. मी वीस वर्षं साचा आणि साच्यातली वस्तू शिकवत होते आणि पाट गाळत होते. तू पहिल्याच आठवड्यात तो मागितलास.

मग तू पुढचं विचारलंस. "पाटच नाय अशा गणपतीचां काय होता?"

"कुठलंच नाव त्याच्याकडे जात नसेल, तर जावा तो ऑब्जेक्ट आपोआप काढून टाकते. जागा मोकळी होते. चांगली सोय आहे."

"बाबी काढून टाकणा नाय," तू म्हणालीस. "वाट बघता."

याचा आज मी काही अर्थ लावत बसणार नाही. तू असं म्हणाली होतीस, एवढीच नोंद.

तू बऱ्यापैकी लिहायला लागलीस तेव्हा आपण वर्ग सुरू केला. शनिवार-रविवार दुपारी, गणपतीच्या शेडमध्ये. ती वर्षातले आठ महिने रिकामीच असायची. कॉलेजातून टाकायला काढलेले पाच संगणक, डिग्रीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या सात-आठ मुली, एखाद-दुसरा मुलगा. माझी एकच अट होती, की वेळेवर यायचं. तुझी अट नव्हती, तू चहा करायचीस.

आणि भांडण सुरू झालं.

नवशिक्यांच्या हातात काय द्यायचं? आपण सगळं करून पाहिलं, हे आपल्या दोघींच्या बाजूने सांगायला हवं. कंपन्यांत वापरतात ते मोठं सॉफ्टवेअर आणलं. आपल्या संगणकांवर ते उघडेपर्यंत तुझा चहा उकळून व्हायचा. उघडल्यावर आपण दोन अक्षरं टाइप करतो न करतो तोच उरलेला शब्द तेच सुचवायचं, आणि मुली सुचवलेलं मुकाट्याने स्वीकारायच्या. तू म्हणालीस, "ह्यां माझ्या सासूसारख्यां." तुझं लग्नच झालेलं नव्हतं, सगळ्या मुली हसल्या. रंगीत ठोकळे ओढून जोडायचं एक मुलांचं सॉफ्टवेअर पाहिलं. ते सोपं होतं, पण आपल्या मुलींना ते लहानपणीचं खेळणं वाटलं आणि त्यांनी तोंडं फिरवली. मग पायथॉन ही दुसरी भाषा. लिहायला कमी, चुका कमी. पण प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा सेल्फ हा शब्द लिहावा लागतो ते तुला पटेना, आणि परीक्षा तर जावातच होती.

आणि मग तू तुझे चौकोन शोधून काढलेस.

ते मोफत सॉफ्टवेअर होतं, खास शिकणाऱ्यांसाठी बनवलेलं. प्रत्येक क्लास म्हणजे पडद्यावर एक चौकोन. चौकोनावर उजवं बटण दाबायचं, "नवीन" म्हणायचं, की ते नाव विचारतं. नाव दिलं की खाली एका फळीवर लाल चौकोन येऊन बसतो: तो ऑब्जेक्ट. आणखी एक केला, तो शेजारी बसतो. त्याच्या पोटात डोकावून बघता येतं, त्याला काम सांगता येतं. पब्लिक स्टॅटिक व्हॉइडचं नावही न घेता. तू मला हाताला धरून पडद्यापुढे नेलंस. "बघ. शाळा. पाटार बसलेले गणपती."

दिसत होतं मला. फळीसुद्धा होती.

आणि तरी मी नाही म्हटलं. माझं म्हणणं आजही मला खोटं वाटत नाही. परीक्षेच्या लॅबमध्ये हे चौकोन नसणार. तिथे साधा एडिटर आणि काळी खिडकी. फाइलचं नाव आणि क्लासचं नाव सारखं हवं, मोठं अक्षर मोठंच हवं, चूक कितव्या ओळीवर आहे ते इंग्रजीतून वाचता यायला हवं. चौकोन हे सगळं पोटात घेतात. ज्याच्यासाठी सगळं कुणी परस्पर करतं त्याला एकट्याला सोडलं की तो बुडतो, असं मी म्हटलं.

"आणि काय दिसतच नाय तेका पयल्याच दिसाक खोलात ढकलायचा?" तू म्हणालीस.

हे चार वर्षं चाललं. मुलींना सगळं ठाऊक होतं. माझी पाठ वळली की त्या तुझ्या मशीनवर जायच्या. त्यांनी त्याला "पाटवालो" असं नाव ठेवलं होतं.

रसिका त्याच वेळी आली. तिची आई मालवणच्या बाजारात मासळी विकते, मामाच्या दोन होड्या आहेत. दुसऱ्या वर्षाला होती, या एका विषयात एकदा राहिलेली. आईने तिला स्पष्ट सांगितलं होतं: या वेळी सुटला नाही तर पुढे नाही, मावशीच्या होम स्टेमध्ये हाताखाली यायचं. रसिकाने ते आपल्याला रडत वगैरे सांगितलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर परीक्षेची तारीख लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तिने मामाच्या होड्यांचा प्रोग्रॅम लिहिला. पहिली होडी तयार केली, तिला नाव दिलं, तिच्यात बांगडे घातले. मग लिहिलं, दुसरी होडी बरोबर पहिली होडी. तिला वाटलं तशीच एक आणखी होडी झाली. मग दुसऱ्या होडीचं नाव बदललं, तिच्यात सुरमई घातली, आणि प्रोग्रॅम चालवला तर दोन्ही होड्यांचं नाव एकच आणि दोन्हींत सुरमई.

"मॅडम, असां कसां झालां?"

मी वाकून पाहिलं. "चौदावी ओळ. न्यू राहिला. न्यू लिही." नवीन ऑब्जेक्ट करायला सांगणारा तो शब्द तिने लिहिला, चाललं. मी पुढच्या मुलीकडे गेले.

तू फळीवरून एक रिकामा पाट काढलास, खडू घेतलास आणि त्या एका पाटावर दोन नावं लिहून तिच्यापुढे धरलास. मी म्हटलं, "सुलू, तिचं झालंय." आणि तुला तिच्यासमोर दुरुस्तही केलं, की पाट म्हणजे नाव, मग एका पाटावर दोन नावं लिहून कसं चालेल, दोन पाट आणि मूर्ती एक, असं दाखवायला हवं. तू दोन पाट घेऊन मधोमध मूर्ती ठेवू बघितलीस. ती कलंडायला लागली. बाबी लांबून ओरडला, "गो सुलू, तो मडुऱ्याच्या घराचो!" मुली हसल्या, वेळ संपली, विषय राहिला.

जाताना तू मला म्हणालीस, "तू तेका चूक दाखवलंस. ती चूक कित्याक, तां दाखवूक नाय."

मी म्हटलं, परीक्षेला दोन महिने आहेत, मधेच नवं सॉफ्टवेअर आणून गोंधळ नको. परीक्षा होईपर्यंत माझ्या पद्धतीने जाऊ दे. तू म्हणालीस, "बरां. परीक्षा होयसर तुझ्या मनासारख्यां." आणि चौकोन बंद केलेस.

प्रश्नपत्रिकेत होड्या नव्हत्या. दोन विद्यार्थी होते, त्यांचे गुण वेगळे दाखवायचे होते. रसिकाला चौदावी ओळ पाठ होती, पण तिथे चौदावी ओळ काही वेगळीच होती. तिचे दोन्ही विद्यार्थी एकच निघाले. ती राहिली.

निकाल कळला त्या दुपारी मी शेडमध्ये आले. तू उंबऱ्यावर बसून शेडमधल्या जुन्या पाटांवरची वाळलेली माती खरवडत होतीस. मी येऊन शेजारी बसले. तू काही म्हणशील म्हणून मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, तीन मुद्द्यांत. तू मला एक पाट दिलास आणि एक करवंटी. आपण सहा-सात पाट खरवडले. मग तू चहा ठेवायला उठलीस. माझे मुद्दे माझ्याकडेच राहिले. त्यातला एकही आज आठवत नाही, आणि तुझं बोट पाटाच्या कडेवरून फिरत होतं ते मात्र आठवतं.

"सुलू, तुझं बरोबर होतं" एवढं मला तेव्हा म्हणता आलं असतं. वेळ होता. आपण नंतर पाच महिने दर शनिवारी भेटलो.

पुढचं तुला सांगायला हवं, कारण ते तुझ्या मागे झालं.

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रसिका माझ्या दारात उभी राहिली. फेरपरीक्षा पाच दिवसांवर आली होती. "मॅडम, तुम्ही शिकवाल ना?" असं तिने नीट विचारलं. मग मान खाली घालून म्हणाली, "सुलूकाकीन माका चौकोनांत दाखवल्यान हा. दर बुधवारी. तुमका सांगा नको म्हणालेली."

मला राग आला. खरंच आला. तू शब्द मोडला नव्हतास असं तू म्हणाली असतीस, परीक्षा होईपर्यंतच ठरलं होतं. बरोबर आहे. पण बुधवारी मी घरीच असते, मला बोलवता आलं असतं. रागवायला समोर तू नव्हतीस आणि रसिका होती. मी तिला म्हटलं, "चल, दाखव काय शिकवलंय ते."

बाबीने शेड उघडून दिली. तुझ्या मशीनवरचं फडकं काढून बाजूला ठेवलं आणि तो माती मळायला गेला. मी तुझे चौकोन उघडले. खालची फळी रिकामी होती. बंद केलं की ऑब्जेक्ट जातात, वर क्लास तेवढे राहतात. होडी होती, मासळी होती, गणपती होता. आणि एका कोपऱ्यात चौथा चौकोन: शालन.

माझ्या नावाचा क्लास. इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर मोठं, मी शिकवलं तसं. रसिका म्हणाली, "मॅडम, तो नको उघडू या." मी उघडला. आत तू माझी कामं लिहून ठेवली होतीस. पहिलं, ओळ सांग. हे चालवलं की पडद्यावर येत होतं, "चौदावी ओळ बघ." दुसरं, घड्याळ बघ. तिसरं, चहा नको म्हण, आणि मग पी. शेवटचं काम, चूक मान्य कर. त्याच्या आत काहीच नव्हतं. कंस उघडला होता आणि मिटला होता.

रसिकाचे कान लाल झाले होते. मी तिला विचारलं, "हे चालतं का?"

"चालता, मॅडम. पण काय होणा नाय."

पाच दिवस आम्ही दोन्ही केलं. सकाळी चौकोन, दुपारी काळी खिडकी. सकाळी ती मला शिकवायची. कसं दोन होड्या फळीवर बसवायच्या, कसं दोन्हींच्या पोटात डोकावायचं, आणि "दुसरी बरोबर पहिली" असं केलं की दोन्ही नावांमागे तीच एक होडी कशी दिसते. सांगताना तिचा हात हवेत पाट धरल्यासारखा व्हायचा. दुपारी मी तिला शिकवायची: फाइलचं नाव, मोठं अक्षर, इंग्रजी चुका. तीच ओळ ती सकाळी बघत होती आणि दुपारी लिहीत होती. पाचव्या दिवशी तिने न्यू कुठे हवा आणि कुठे नको ते मला विचारलं नाही. का ते, तुझ्या भाषेत कित्याक ते, मला सांगितलं.

परीक्षेहून ती एस.टी.ने थेट शेडवर आली. या वेळी प्रश्न वाचनालयाचा होता, दोन पुस्तकं. लिहायला सुरुवात करण्याआधी तिने कच्च्या कागदावर दोन पाट काढले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे काय?

"सर, पाट."

"कसले पाट?"

"गणपतीचे."

त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "खंयची गो तू?"

"तारकर्लीची, सर."

"आमचो पाट अजून पोचूक नाय," असं म्हणून ते पुढच्या मुलीकडे गेले. मग फाइलच्या नावात तिचं एक अक्षर चुकलं, काळ्या खिडकीने सात ओळींची इंग्रजी तक्रार केली, आणि तिने ती वाचून अर्ध्या मिनिटात दुरुस्त केली. तेवढं माझं, सुलू. ते मी सोडणार नाही.

परवा यादी लागली. रसिका सुटली, काठावर. तिच्या आईने घरी सुरमई पाठवली आणि निरोप दिला, "आता तिसऱ्या वर्साचां काय तां तुमीच बघा."

काल मी शेडमध्ये एकटी गेले आणि तुझं मशीन उघडलं. शालनच्या शेवटच्या कामात एक ओळ लिहिली. चालवलं की आता येतं, "पहिल्या दिवशी तुझं बरोबर. शेवटच्या दिवशी माझं." एकही चूक न दाखवता चाललं. दुसरं वाक्य तू मान्य केलं नसतंस, हे मला ठाऊक आहे. त्याच्यावर आपण आणखी चार वर्षं घालवली असती, आणि मला ती हवी होती.

ईराला रात्रीच्या जेवणाआधी उत्तर पाठवलं. लिहिलं, सुलूआजीच्या चौकोनांनी सुरुवात कर. तुला दोन होड्या वेगळ्या दिसायला लागल्या, की साधा एडिटर घे आणि तेच हाताने लिही. चौकोनांत फार दिवस राहू नकोस आणि एडिटरमध्ये घाईने जाऊ नकोस. कधी जायचं ते मी नेमकं सांगू शकत नाही. ते ओळखणारी बाई आता नाही. मी शिकते आहे. तिचा लगेच प्रश्न आला, "होड्या कशाला, आजी?" म्हणून तिला हे सगळं वाचायला देते आहे.

आज नवी तुकडी सुरू झाली. सहा मुली. पाट यायला लागलेत, त्यामुळे बाबीने आपल्याला शेडचा अर्धाच भाग दिलाय. उरलेल्या अर्ध्यात तो माती मळतो आणि आमचं सगळं ऐकतो. रसिका मागे उभी राहून संगणक सुरू करून देत होती. वेळेवर सुरुवात केली. मी फळ्यापुढे उभी राहिले आणि सवयीने तोंडातून तेच आलं: "क्लास म्हणजे साचा. ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेली मूर्ती."

मागून रसिकाचा आवाज आला. तिला ती जुनी गोष्ट माहीत आहे. तू प्रत्येक तुकडीला ती सांगायचीस, मी नसताना.

"मॅडम, पाट खंय तुमचो?"

बाबीचे हात मातीत थांबले. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी संगणक बंद करायला सांगितले आणि माझा पाट आणायला घरी निघाले.